पॉलिसीवर गाडी आमची, नंबर कुणाच्या तरी दुचाकीचा

मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी इंदूर सोडून निघते आणि घरची जुनी गाडी तिच्या नावावर करून दिली जाते, असं आमच्या ओळखीत बऱ्याच घरांत झालं आहे. त्या सगळ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. गाडीची नावबदली आणि नवा विमा यांच्या मधल्या दिवसांतच आमच्या लेकीला एका माणसानं गाठलं.

तिला पुण्यात नोकरी लागली म्हणून ह्यांची 1197 सीसीची पेट्रोल गाडी तिच्या नावावर करायची ठरली. नायता मुंडल्याला आरटीओबाहेर कागदपत्रं करून देणारा एक जण भेटला. नावबदलीचं काम त्यानं चोख करून दिलं आणि मग विम्याचा विषय काढला. “मॅडम, बच्ची की उमर तेईस है, ऊपर से गाड़ी पुणे में चलेगी. कंपनी डबल प्रीमियम लेगी. मैं आधे में करवा दूँगा.”

घरापासून लांब, पहिल्याच पगारावर राहायला निघालेल्या मुलीला ‘डबल’ ऐकून धसका बसणारच, आणि तो त्याच धसक्यावर धंदा करतो. खरी गोष्ट अशी आहे: थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर असतो. चालवणाऱ्याच्या वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खाजगी गाडीला तो 3416 रुपये आहे, वर 18 टक्के जीएसटी. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा तोच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो. त्यात गाडीची आजची किंमत, तिचं वय आणि नोंदणीचं गाव पाहतात. पुणे महाग विभागात येतं हे खरं, पण आमची गाडी एमपी 09 ची, म्हणजे इंदूरच्याच नोंदणीची होती.

खर्च वाढणार होता तो वेगळ्याच कारणानं, आणि त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. दावा न केल्याबद्दल ह्यांना 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट, मिळत होता. हा बोनस मालकाबरोबर राहतो, गाडीबरोबर जात नाही. बापाची गाडी लेकीच्या नावावर झाली की लेक शून्यापासून सुरू करते. (ह्यांनी नवी गाडी घेतली तर त्यांचा बोनस त्या नव्या गाडीला लावता येतो, त्यासाठी कंपनीकडून दाखला घेऊन ठेवावा.)

त्यानं साडेसहा हजारांत ‘फुल इन्शुरन्स’ देऊ केला आणि पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. नामांकित कंपनीचं नाव, चिन्ह, लेकीचं नाव, गाडीचा नंबर, चॅसी नंबर, सगळं जिथल्या तिथे.

पावसात पुण्यात तिची गाडी घसरून उभ्या टेंपोवर आदळली. बंपर, रेडिएटर, एक दिवा गेला. वर्कशॉपनं दाव्यासाठी पॉलिसी नंबर टाकला तर समोर भलत्याच जिल्ह्यातली दुचाकी. कंपनीच्या शाखेत आम्ही लेखी मागितलं, तेव्हा उत्तर मिळालं की ह्या नंबरची पॉलिसी खरी आहे, पण ती ह्या गाडीची नाही. पीडीएफवरचा क्यूआर कोडसुद्धा त्या दुचाकीचाच तपशील उघडत होता. युक्ती सोपी आहे. 75 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा 538 रुपये अधिक कर भरून काढता येतो. तशी एक खरी पॉलिसी काढायची, पीडीएफमध्ये नाव आणि गाडी बदलायची, आणि उरलेले पैसे खिशात.

अडतीस हजारांचं बिल आम्ही भरलं, आणि त्याचंही मला फार नाही. टेंपोच्या जागी स्कूटरवर कुणी माणूस असता तर? विमा नसलेल्या गाडीनं कुणी जखमी झालं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला स्वतःला द्यावी लागते. इथे मालक म्हणजे तेवीस वर्षांची आमची मुलगी. शिवाय विम्याशिवाय गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ती तर सगळे कागद जवळ बाळगून निर्धास्त फिरत होती. हा विचार आला की आजही माझी झोप उडते.

म्हणून कळकळीनं सांगते, पैसे कंपनीच्याच नावानं, तिच्या साइटवर किंवा शाखेत भरा. पीडीएफ आली की क्यूआर कोड स्कॅन करून वाहनाचा नंबर आणि प्रकार आपलाच आहे का ते बघा. काही दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची तारीख बदलली का तेही बघा. आमच्या गाडीसमोर जुनीच तारीख दिसत होती. कुणी पूर्ण विमा पाच-सहा हजारांत देत असेल तर त्यातून थर्ड पार्टीचे करासह चार हजार वजा करा. उरलेल्या दोन हजारांत चार लाखांच्या गाडीचं नुकसान कुठली कंपनी भरून देईल, हे त्याला तोंडावर विचारा.

फसगत झालीच असेल तर सायबर हेल्पलाइन 1930 वर लगेच कळवा आणि पोलीस ठाण्यात जाताना कंपनीचं लेखी उत्तर, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपचे संदेश बरोबर न्या. कंपनीचं ते पत्र हाती आल्यावरच आमची तक्रार नोंदवून घेतली गेली. ती अजून प्रलंबित आहे.

लेकीचा नवा विमा गाडीची तपासणी झाल्यावर निघाला, बोनसशिवाय, साडेतेरा हजारांत. आमच्या कॉलनीतल्या आणखी दोन घरांनी त्याच माणसाकडून पॉलिसी घेतली होती. आम्ही बसून दोन्हींचे कोड स्कॅन केले. एक खरी निघाली. दुसरीवर मोपेड होती, आणि त्यांचा मुलगा ती गाडी घेऊन हैदराबादला पोहोचलाही होता.