३२ बोर रिव्हॉल्व्हरसाठी कॅम्पातून शिवून घेतलेलं चामड्याचं होल्स्टर

मार्केट यार्डात धंदा आहे, कॅश न्या-आणायची असते, लायसन त्याचसाठी घेतलंय. रिव्हॉल्व्हर कानपूरचं ३२ बोर, सहा राउंडचं, ७०० ग्रॅमच्या आसपास वजन, आणि ते दिवसभर कमरेला लावलं की होल्स्टर (बेल्टला लावायची हत्याराची खोळ) चांगलं असणं किती महत्त्वाचं ते बरोब्बर कळतं.

आधी हे सांगतो की ऑनलाइन मिळणारं कुठल्याही हत्याराला बसणारं ते मऊ नायलॉनचं अजिबात घेऊ नका. रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं की त्या होल्स्टरचं तोंड मिटतं, परत आत सरकवताना कापडाची घडी ट्रिगरपाशी आली तर जिवावर बेतेल. मी कॅम्पातल्या एका जुन्या कारागिराकडून चामड्याचं शिवून घेतलं. हत्यार रिकामं करून, लायसन बरोबर घेऊन गेलो, माप त्याने माझ्या हातात असतानाच घेतलं. काम एकदम मस्त! तोंडाला दुहेरी चामडं आहे त्यामुळे ते उघडंच राहतं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला जातो आणि हॅमरवरून (मागचा ठोका मारणारा भाग) टिचबटणाचा पट्टा आहे, नाहीतर या मॉडेलचा बाहेर आलेला हॅमर शर्टात अडकतोच.

उजव्या कमरेला थोडं मागे लावतो. ॲक्टिव्हावर काही जाणवत नाही, कारमध्ये मात्र सीटला टेकलं की टोचतं, लांब जायचं असेल तर त्रास होतो हे खरंय. आणि बेल्ट जाड दुपदरीच घ्या राव, ऑफिसचा पातळ बेल्ट एका बाजूला लोंबतो मग होल्स्टर कितीही भारी असलं तरी उपयोग नाही.

वरून शर्ट सैल आणि बाहेर सोडलेलाच पाहिजे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं, लग्नात कमरेला दाखवत फिरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पावसाळ्यात काळजी जास्त घ्यावी लागते. चामडं ओल आणि घाम धरून ठेवतं, रात्री रिव्हॉल्व्हर त्यातच ठेवलं तर गंज चढतो, म्हणून घरी आलो की रिकामं करायचं, पुसून तेलाचा हात फिरवायचा आणि कुलपात ठेवायचं, होल्स्टर वेगळं पंख्याखाली वाळवायचं, उन्हात नाही, कडक होऊन तडकतं.

पैसे नायलॉनपेक्षा बरेच जास्त गेले पण वसूल आहेत. ऑर्डर देताना मागचा लूप तुमच्याच बेल्टच्या रुंदीचा करायला सांगा, सैल लूप असला की काढताना होल्स्टरच वर येतं.