आनंदनगरीत पालकांचा स्टॉल: मुरमुऱ्यांचा सुशीला, वडापाव, पाणीपुरी की धपाटे? पैसे कशात उरतात ते बघा

डिसेंबर लागला की शाळेच्या ग्रुपवर एकच विषय, आनंदनगरी कधी घ्यायची आणि पालकांचा स्टॉल कशाचा लावायचा. लेकरांचे छोटे छोटे स्टॉल असतातच, बोरं, चिक्की, उकडलेले हरभरे, त्यात मोठ्यांनी अजिबात हात घालू नये, तो त्यांचा व्यवहार आहे. मी लिहितेय ते पालकांच्या एका मोठ्या स्टॉलबद्दल, ज्याचा पैसा शाळेला जाणार असतो, वाचनालयाची पुस्तकं, पाण्याचा फिल्टर, मुलींच्या टॉयलेटचं दुरुस्त करायचं राहिलेलं दार, असल्या कामांना. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी तीन वर्षं हा स्टॉल सांभाळलाय, दरवर्षी वेगळा पदार्थ केला, म्हणून ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी सगळा हिशोब सांगते. भाव आमच्याकडच्या बाजाराचे आहेत, तुमच्याकडं दोन रुपये इकडंतिकडं होतील.

पहिली गोष्ट, बहुतेक जण फक्त एका प्लेटमागं किती सुटतात एवढंच बघतात अन् तिथंच गणित चुकतं. आनंदनगरी दोन-तीन तास चालते पण खरी गर्दी पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाची, लेकरांच्या खिशात पैसे असतात तोपर्यंतच. त्या अर्ध्या तासात तुमच्या हातून किती प्लेटा जातात, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय होतं, हे दोन प्रश्न नफ्याच्या आधी विचारा.

वडापाव आम्ही पहिल्या वर्षी केला कारण सगळ्यांचं म्हणणं होतं की वडापाव कुठंबी खपतो. खपतो, खरंय. पाव, बटाटा, बेसन, मसाला, चटणी, गॅस सगळं धरून एक वडापाव ९ रुपयाला पडला, विकला २० ला, म्हणजे ११ सुटले असं आम्ही वहीत लिहिलं. पण कढईत तीन लिटर तेल ओतावं लागतं, त्यातलं वडे पितात जेमतेम पाऊण लिटर, बाकीचं काळपट झालेलं सव्वादोन लिटर कुणी घरी नेऊन वापरायचं नसतं, मग तो खर्चच की. तो धरला तर वडापावमागं सात-साडेसात रुपयेच राहतात. त्यात एका घाण्याला पंधरा वडे अन् पाच मिनिटं, अर्ध्या तासात सहा घाणे, नव्वद वडे, त्याच्या पुढं कितीबी जीव तोडा जात नाही.

त्या दिवशी तिसरीतलं एक लेकरू रांगेत उभं होतं, मुठीत दहाची दोन नाणी इतकी घट्ट धरलेली की हात उघडला तर तळव्यावर नाण्यांचा गोल उमटलेला. चार जण पुढं होते, वडे तेलात होते, तेवढ्यात माइकवर त्याच्या वर्गाचा डान्स पुकारला. ते स्टेजकडं पळालं आणि परत आलं तेव्हा आमचे पाव संपले होते. शेजारच्या स्टॉलवरून त्याला चिक्की घेऊन दिली मी, पण ते तोंड अजून आठवतं. त्या दिवसापासून मी स्टॉल ठरवताना रांग किती लवकर हलते ते आधी बघते.

वडापावचं अजून एक, पाव ज्याच्याकडून घेतले त्यानं अर्धे आदल्या दिवशीचे दिले, सकाळी सात वाजता कळलं तेव्हा दुसरीकडून आणायला वेळच नव्हता. आणि उरलेली बटाट्याची भाजी संध्याकाळपर्यंत आंबते, ती परत दुकानात जात नाही. शिवाय जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये किंवा गेटपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, त्यामुळं तळणाचं ठरवायच्या आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. आणि लेकरांच्या गर्दीत उकळती कढई, मला तर दिवसभर धडधडत होतं.

पाणीपुरी दुसऱ्या वर्षी. पोरीबाळी अन् पोरीबाळींच्या आया, दोघी तुटून पडतात, याच्याएवढी ओढ दुसऱ्या कशाला नाही. रेडिमेड पुऱ्या, रगडा, पाणी, चटणी मिळून सहा पुऱ्यांची प्लेट १० रुपयात बसते, २० ला जाते. एक माणूस एका वेळी चार-पाच जणांना वाढतो पण प्रत्येकाला सहा पुऱ्या द्यायला अडीच-तीन मिनिटं जातातच, म्हणजे वेग वडापावपेक्षाबी कमीच. सगळा जीव अडकतो तो पाण्यात. जारचं पाणी घेतलं तरी पुदिना-कोथिंबीर कशानं धुतली, बर्फाची लादी कुठून आली, वाढणाऱ्याचा हात मधेच पैशाला लागला का, एवढं सगळं दिवसभर बघायला एक माणूस नुसता उभा पाहिजे. आम्ही पाणी उकळून गार केलं, बर्फ घातलाच नाही, कुणाला काही झालं नाही, पण दोन दिवस माझं लक्ष वर्गातल्या हजेरीवरच होतं. मोठ्यांच्या कार्यक्रमात जरूर करा, पहिली ते चौथीच्या लेकरांसाठी मी तरी परत करणार नाही.

सुशीला तिसऱ्या वर्षी, आणि इथं जरा थांबून सांगते कारण बऱ्याच जणांना हा स्टॉलचा पदार्थच वाटत नाही, घरी तर रोज होतो मग विकत कोण घेईल. आमचे दीडशे द्रोण पाऊण तासाच्या आत गेले! एक किलो मुरमुरे, अर्धा किलो कांदा, पाव किलो डाळवं (भाजकी चणाडाळ), शेंगदाणे, तेल, मिरची, कोथिंबीर, लिंबू, सगळं मिळून १८०-१९० रुपये, त्यात बावीस द्रोण भरतात. द्रोणाचा रुपया धरून साडेनऊ पडतात, २० ला विकला तर साडेदहा सुटतात. पण खरी कमाई वेगाची आहे. एक जण डावानं द्रोण भरतो, दुसरा शेव-कोथिंबीर टाकतो, तिसरा कूपन घेतो, दहा सेकंदाला एक द्रोण जातो. अर्ध्या तासात दीडशेच्या वर सहज, तेवढ्याच वेळात वडापाव नव्वद. बारक्यांसाठी अर्धा द्रोण १० रुपयाला ठेवा, लेकरांकडं बहुतेक दहाचं नाणं असतं.

करताना एकच चूक सगळे करतात, मुरमुरे सगळे एकदम भिजवतात. असं करू नका, पाण्यात घातले की लगेच पिळून काढायचे, जरा रेंगाळलं की लगदा होतो. कांदा-मिरचीची फोडणी मोठ्या पातेल्यात तयार ठेवायची अन् एका वेळी एकच किलो मुरमुरे त्यात परतायचे, वरून डाळव्याची पूड, ती ओल शोषून घेते म्हणून सुशीला मोकळा राहतो. असं केलं की तास-दीड तासात चिवट व्हायच्या आधीच ती खेप संपलेली असते, आणि राहिलेले कोरडे मुरमुरे बांधून परत दुकानात. आमचे दोन किलो राहिले होते, दुकानदारानं कुरकुर न करता घेतले. वाया काय गेलं तर थोडी कोथिंबीर.

सुशीला मोठ्यांकडून मात्र जास्त पैसे काढत नाही. सरपंच, पाहुणे, पुण्या-मुंबईहून आलेले माजी विद्यार्थी, हे २० रुपयाचा द्रोण खातात अन् निघतात. त्यांच्यासाठी धपाटे-दही. दोन धपाटे, पळीभर दही, शेंगदाण्याची चटणी, खर्च १८-१९, आणि ४० ला देताना कुणी घासाघीस करत नाही, उलट पार्सल मागतात. प्लेटमागं एकवीस-बावीस सुटतात, या सगळ्यात जास्त. अडचण एकच, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचं, एक बाई तासाला वीस-पंचवीसच्या वर करू शकत नाही, म्हणून स्टॉलवर करायचेच नाहीत. दहा घरी पीठ वाटून द्या, एकेका घरानं सकाळी वीस धपाटे करून आणायचे, दोनशे धपाटे, शंभर प्लेटा, दोन हजाराच्या वर नफा. कांदा घालू नका, कांद्यानं ओल सुटते, नुसतं ज्वारीचं पीठ, थोडं बेसन-गहू, तीळ, ओवा, लसूण-मिरची, म्हणजे संध्याकाळपर्यंतच काय दुसऱ्या दिवशीबी चांगले राहतात. उरलेले पार्सल करून तिथंच शेवटी विकून टाका. दही तेवढं मातीच्या भांड्यात, वरून ओलं फडकं टाकून सावलीत.

चहा बाजूला ठेवाच, कप ५ ला पडतो १० ला जातो, मागतील तेवढाच करायचा म्हणून उरत नाही. मठ्ठा जानेवारीच्या थंडीत चालत नाही, कार्यक्रम फेब्रुवारीच्या शेवटी असेल तर बघा. हुरड्याचं लै जणांच्या मनात येतं, पण आगटी पेटवायची, कणसं ताजी पाहिजेत, चोळायला माणसं पाहिजेत, तो शेतातच बरा.

तारीख ठरवताना येळवस कधी आहे ते आधी बघा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आख्खा गाव शेतात असतो, तुमच्या स्टॉलवर कुत्रंबी फिरकणार नाही. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, चांगला दिवस, आया आवर्जून येतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवलं तर कांदा-कोथिंबीर ताजी अन् स्वस्त मिळते.

आणि हिशोब. आया घरून तेल, शेंगदाणे, कांदे आणतात, ते वहीत कुणी लिहीत नाही, मग पाच हजार जमले असं माइकवर सांगतात पण त्यात दीड हजाराचा माल बायकांच्या डब्यातला असतो. मदत म्हणून दिलंय हे बरोबर, पण कुणी काय दिलं ते लिहा, ज्यांनी दिलं त्यांचं नाव वाचून दाखवा. पैसे घेणारा आणि खाण्याला हात लावणारा कधीच एक नको, म्हणून दहाची कूपनं वेगळ्या टेबलावर विका. क्यूआर कोड शाळेच्या खात्याचा लावा, कुणाच्या खासगी मोबाइलचा नको, पुढं भांडणं होतात. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या प्लेटा-चमचे २०२२ पासून देशभर बंद आहेत आणि वर्तमानपत्रात बांधून द्यायचं नाही, शाईचा त्रास, पळसाचे नाहीतर कागदी द्रोण आणा.

यंदा आमचं ठरलंय, लेकरांसाठी सुशीला, मोठ्यांसाठी धपाटे अन् चहा, कढई नाही. तीनशे पटाच्या शाळेला मी आठ किलो मुरमुरे सांगितलेत, त्यातले पाच आधी आणायचे अन् तीन दुकानदाराकडंच ठेवायचे, लागले तर सायकलवर दहा मिनिटात येतात. पीठ वाटायला दहा घरांची यादी झालीय, नऊ नावं पक्की आहेत, दहावं अजून मिळायचंय.