नागपूरला चार-पाच तासांचा लेओव्हर असेल तर टर्मिनलमध्ये बसू नका

नागपूरला फ्लाइट बदलायची आहे आणि मधे चार-पाच तास आहेत, तर बाहेर पडा, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडचे नातेवाईक पुण्याहून निघतात, पुढे कुठे जायचं तिथली थेट फ्लाइट मिळत नाही म्हणून इथे बदलतात, आणि फोन केला की कळतं हे आपले गेटसमोरच्या खुर्चीवर मोबाईल चार्ज करत बसलेत. काहून बसता असे? शहर दारात आहे. मुंबई-बंगलोरला एअरपोर्टवरून गावात जाऊन यायचं म्हटलं की अख्खा दिवस जातो, इथे सोनेगावहून, म्हणजे एअरपोर्ट जिथे आहे तिथून, बर्डी, म्हणजे सीताबर्डी, मेट्रोने वीसेक मिनिटं. माझ्या मते लेओव्हरसाठी नागपूरएवढं सोयीचं एअरपोर्ट कमीच असेल, आणि ते एअरपोर्टमुळे नाही तर शहर जवळ आहे म्हणून.

एअरपोर्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, टर्मिनल आटोपशीर आहे, स्वच्छ आहे, चालून पाय दुखत नाहीत, सिक्युरिटीची रांग सकाळी आणि संध्याकाळी लांबते, खायला जे मिळतं ते एअरपोर्टच्या भावात मिळतं. तासभर ठीक आहे, पाच तास नाही.

हिशोब असा करा. तीन तासांपेक्षा कमी असेल तर आतच थांबा, उगाच जीवाला घोर नको. चार असतील तर एकच ठिकाण आणि एकच खाणं. पाच-सहा असतील तर मग खरी मजा. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर असतील तर सामान बहुतेक वेळा थेट पुढे जातं, पण चेक-इन करतानाच काउंटरवर विचारून घ्या आणि बॅगेच्या टॅगवर शेवटचं गाव लिहिलंय का बघा. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन फिरावं लागेल, परत चेक-इनला उभं राहावं लागेल आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, तेव्हा वेळ त्या मानाने धरा.

आता मेट्रो, कारण सगळं गणित तिच्यावर आहे. स्टेशन टर्मिनलला लागून नाही, बाहेर वर्धा रोडवर आहे, सामान असेल तर रिक्षा करा. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नावात एअरपोर्ट असलेली तीन स्टेशनं आहेत, एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट. तुम्हाला नुसतं एअरपोर्ट पाहिजे. परत येतानाही तिथेच उतरायचं, झोप लागली तर गाडी तुम्हाला खापरीला नेऊन सोडेल. पन्नासची नोट दिली तरी बर्डीच्या तिकिटात सुटे परत येतात. सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, रात्री दहाच्या आसपास आटोपते.

आणि नुसतं बसायचं म्हणून बसू नका, खिडकीशी उभे राहा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, असं खांबांच्या एकाच रांगेवर ३.१४ किलोमीटर चाललंय, २०२२ मध्ये ह्याची गिनीज बुकात नोंद झाली. वरून जाताना उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर, छत्रपती चौक, सगळीकडे झाडांचे शेंडे दिसतात. पाहुण्यांना मी हे आवर्जून दाखवते आणि ते दरवेळी म्हणतात की अरे नागपूर एवढं हिरवं आहे हे माहीतच नव्हतं. मेट्रोला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो टर्मिनलपासून स्टेशनपर्यंतच्या तुकड्यासाठी. तिथे दर पाच-दहा मिनिटांनी एक छोटी बस हमखास पाहिजे, म्हाताऱ्या माणसाने बॅग ओढत कसं जायचं. आमच्या आत्याला तिथेच एका रिक्षावाल्याने एवढ्याशा अंतराचे भलतेच पैसे सांगितले, शेवटी मी फोनवर बोलले तेव्हा तो खाली आला. भाव आधी ठरवा किंवा ॲपवरून बोलवा.

सकाळचा लेओव्हर असेल तर डोळे मिटून तर्री पोहे. त्यासाठी बर्डीच्या पुढे दोन स्टेशनं, कस्तुरचंद पार्कला उतरा. केपीजचे तर्री पोहे तिथलेच, आणि सकाळी सकाळी तिथे कॉलेजची पोरं, ऑफिसवाले, वकील, मॉर्निंग वॉकवाले सगळे एकाच गर्दीत प्लेट धरून उभे असतात. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पोहे आपले नेहमीचेच, मऊ, पिवळे, पण वरून काळ्या चण्याची झणझणीत तर्री ओततात, मग कच्चा कांदा, शेव, लिंबू. पुण्याचे लोक आधी विचारतात की पोह्यावर रस्सा कशाला, आणि मग दुसरी प्लेट मागतात. तर्री थोडी जास्त मागितली तरी कोणी काही म्हणत नाही. माझा सल्ला असा की तर्री पूर्ण कालवू नका, कडेने घ्या, म्हणजे पोहे शेवटपर्यंत पोह्यासारखे राहतात. पाहिजे तर एक आलुबोंडा पण घ्या तर्रीत बुडवून. पोहे शहरात गल्लोगल्ली मिळतात आणि प्रत्येक नागपूरकर छातीठोकपणे सांगेल की आमच्याच चौकातले भारी, त्या वादात मी पडत नाही, पण मेट्रोपासून जवळ आणि वेळ कमी हे बघता कस्तुरचंद पार्कच बरोबर पडतं. उशीर करू नका, पोह्याची खरी वेळ सकाळची.

तिथून परत येताना एक स्टेशन अलीकडे झिरो माइल आहे, उतरून दहा मिनिटं बघून घ्या. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे, इंग्रजांनी १९०७ मध्ये त्यांच्या सर्वेक्षणासाठी उभारलेला, त्यावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल अशी गावांची अंतरं मैलांमध्ये कोरलेली आहेत. हा देशाचा मध्यबिंदू असं आम्हाला शाळेत सांगायचे, तो भौगोलिक मध्य आहे की नाही ह्यावर जाणकारांचं वेगळं म्हणणं आहे, पण सगळ्या दिशांना अंतर मोजायला मधोमध एक खूण लागते आणि ती आमच्या गावात आहे ह्याचं मला आजही अप्रूप आहे. दहा मिनिटं पुरे, त्याहून जास्त बघण्यासारखं तिथे नाही. शेजारच्या टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आहे, १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई तिथलीच, पण तो लष्कराच्या ताब्यात असतो आणि वर्षातून मोजकेच दिवस, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. एरवी खालूनच बघायचा.

एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मात्र झिरो माइल नाही, किल्ला नाही, फुटाळा तलाव पण नाही. दीक्षाभूमी. ह्यात मला दुसरं मतच नाही.

रहाटे कॉलनी स्टेशनला उतरा, तिथून रिक्षा, थोडंच अंतर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ते गेले. आजचा स्तूप सांचीच्या स्तूपावरून बांधलेला आहे पण सांचीचा भरीव आहे आणि हा आतून पोकळ, म्हणजे तुम्ही आत जाऊन घुमटाखाली उभे राहू शकता. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. बाहेर कितीही ऊन असो, आत संगमरवरी फरशीवर पाय टेकले की गार वाटतं, आणि लोक आपोआप हळू बोलतात. बाहेर बाबासाहेबांनी त्या दीक्षेच्या वेळी लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांचा स्तंभ आहे, तो उभं राहून पूर्ण वाचा, घाई करू नका. शिवाय श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा बोधिवृक्ष आहे, त्याच्या सावलीत जरा वेळ बसता येतं. माझा मावसभाऊ, ज्याला देवळात जायचा भारी कंटाळा, तो इथे अर्धा तास त्या स्तंभासमोर उभा होता आणि विमान चुकेल म्हणून मलाच त्याला हाताला धरून काढावं लागलं. चपला बाहेर काढायच्या, बॅग छोटी ठेवा. दसऱ्याच्या दिवसांत मात्र त्या दीक्षेच्या स्मरणासाठी इथे देशभरातून लाखो लोक येतात, तेव्हा चार तासांच्या लेओव्हरमध्ये जाऊन येण्याचा विचार करू नका, तो सोहळा बघायचा तर खास त्यासाठी या.

दुपार आली की सगळ्यांचा प्रश्न एकच, सावजी कुठे खायचं. आधी हे समजून घ्या की सावजी म्हणजे नुसतं तिखट नाही. हलबा कोष्टी समाजाच्या, विणकरांच्या घरातलं हे जेवण, त्यात भाजलेल्या मसाल्यांचा काळपट रस्सा असतो, दगडफूल, खसखस, धणे, बाकी बरंच काही, प्रत्येक घरचा मसाला वेगळा आणि कोणी सांगत नाही. चांगल्या सावजीचं तिखट पहिल्या घासाला लागत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला कानाच्या मागून घाम फुटायला लागतो आणि तरीही हात थांबत नाही. वाईट सावजी पहिल्याच घासाला जीभ भाजते आणि ताटात नुसतं लाल तेल तरंगतं. हायवेच्या बाजूला मोठा बोर्ड लावलेल्या एका ठिकाणी मी पाहुण्यांना घेऊन गेले होते, तिथे तेच झालं, मटण चिवट, रस्सा लाल भडक आणि मसाल्याचा वासच नाही, बिल मात्र भरपूर. तेव्हा बोर्ड बघून जाऊ नका. जुन्या वस्तीतली छोटी भोजनालयं, चार-सहा बाकडी, हात धुवायचा नळ समोरच, ती चांगली. गोळीबार चौकाच्या बाजूला गेलात तर ह्या जेवणाच्या मूळ वस्तीत गेलात. पण मेट्रोच्या वर्धा रोडच्या लाइनपासून ते आत पडतं, म्हणून पाच तासांच्या खाली वेळ असेल तर त्या भानगडीत पडू नका. मटण, ज्वारीची भाकरी, कांदा-लिंबू, आणि ताक नक्की सांगा. शाकाहारी असाल तर पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा, अजिबात कमी लेखू नका, पाटोडी मला स्वतःला मटणाच्या बरोबरीने आवडते. आणि पुढे तीन तासांचं विमान असेल, पोट नाजूक असेल, तर रस्सा अर्धा घ्या, हे मी काळजीने सांगते.

कुठे लंबी रोटी दिसली तर थांबा. उलट्या मडक्यावर भाजतात, बायका पातळ कणीक हातावर अशी लांबवत लांबवत नेतात की बघतच राहावं.

संध्याकाळचा लेओव्हर असेल तर फुटाळा तलाव, भोसल्यांच्या काळातला, काठावर भुट्टे, चाट, पोरासोरांची गर्दी. सूर्य मावळताना चांगलं वाटतं. पण मेट्रोपासून लांब, रिक्षाने ट्रॅफिकमध्ये जायचं, रविवारी तर नकोच. तलावच बघायचा असेल तर सोनेगाव तलाव एअरपोर्टच्या जवळ आहे, मोठं काही नाही, पण शांत आहे.

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत, दुपारी बारा ते पाच बाहेर पडू नका. पारा ४५ च्या वर जातो आणि बाहेरच्या माणसाला ते ऊन झेपत नाही. पडलातच तर डोक्याला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली. डिसेंबरात हवा मस्त असते, पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, झिरो माइल आणि विधानभवनाच्या बाजूचे रस्ते मोर्चांमुळे बंद असतात, तेव्हा रिक्षा नको, मेट्रोच बरी.

रात्रीचा लेओव्हर असेल तर बाहेर करण्यासारखं फार नाही, आतच थांबा. पण थांबताना एवढं माहीत असू द्या की ह्याच सोनेगावच्या धावपट्टीवर १९४९ पासून कितीतरी वर्षं रात्रीची टपाल विमानं उतरायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी डकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, एकमेकांच्या टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेच्या आत परत. त्यात प्रवासीही असायचे, तेही इथेच विमान बदलायचे. म्हणजे देशातला लेओव्हर नागपूरला तेव्हापासून आहे. टर्मिनलमध्ये ह्याची मोठी प्रदर्शनी पाहिजे असं मला मनापासून वाटतं, जुने फोटो, नकाशा, वेळापत्रक, लोक आवडीने बघतील.

परतायचं ते फ्लाइटच्या किमान दोन तास आधी बर्डी सोडायची असं धरून. वर्धा रोडला संध्याकाळी गर्दी असते म्हणून कॅबच्या भरवशावर राहू नका. निघताना संत्रा बर्फी घ्या, हल्दीरामची कुठेही मिळते, चव ठरलेली असते. ताजी संत्री मात्र हंगामातच, आंबिया बहाराची (बहार म्हणजे झाडाला फुलं येण्याचा हंगाम) हिवाळ्यात आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चात, एरवी कोणी नागपुरी म्हणून दुसरंच काही गळ्यात मारेल. साल सैल आणि हाताने सहज सुटणारी बघून घ्या, नुसत्या चकचकीत रंगावर जाऊ नका. बर्फी हातातल्या बॅगेत चालते, संत्री चेक-इनच्या बॅगेत द्यायची असतील तर सगळ्यात वर ठेवा, खाली ठेवली की दबतात आणि कपडे खराब होतात.