फौजी प्रेमकथांचे नऊ महिने: एका सॅपरच्या बायकोचा अनुभव

सरळ सांगते, पहिल्या महिन्यातच मी ई-रीडरमधला हा सगळा ढीग पुसून टाकणार होते. सलग चार कादंबऱ्या, चार कॅप्टन, चौघांच्याही गालावर तलवारीचा वण. चौघेही युद्धावरून परतून कुठल्याशा वाड्यात पाहुणे म्हणून जातात, तिथे एक मुलगी भेटते, गैरसमज होतात, पाऊस पडतो आणि शेवटच्या पानावर लग्न. चौथी संपली तेव्हा मी बसमध्येच मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, गोष्ट तर आता सुरू होणार होती!" शेजारची मुलगी दचकली.

झालं असं की गेल्या जूनमध्ये लेकीने नवा ई-रीडर घेतला आणि जुना मला दिला. आत तिने निवडून भरलेल्या इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा, सगळ्या सैनिकांच्या आणि त्यांच्या बायकांच्या. "आई, हे तुझंच खातं आहे," म्हणाली. मार्च उजाडेपर्यंत एकतीस वाचून झाल्या, सहा अर्ध्यावर सोडल्या. ठाण्यात मानपाड्याहून वागळे इस्टेटला जायचं म्हणजे घोडबंदर रोडच्या कृपेने वाचायला वेळच वेळ. कापूरबावडीला बस अडकली की एक प्रकरण होतंच.

माझं 'खातं' म्हणजे काय तेही सांगते, नाहीतर ही बाई कोण असं वाटेल. आमचे हे बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या खंदक-पूल बांधणाऱ्या दलातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी सव्वीस वर्षांची, त्यात आम्ही एका छपराखाली राहिलो ती अकरा वर्षं. हा हिशोब लेकीच्या शाळांच्या दाखल्यांवरून लागतो: खडकी, जोधपूर, मध्ये ठाणे, पुन्हा खडकी, पुन्हा ठाणे. बाकीची पंधरा वर्षं ५६ एपीओच्या (फौजी टपालाच्या) पत्त्यावर पत्रं, आणि नंतर फोन.

यंत्राबद्दल थोडक्यात. उन्हात अक्षर स्पष्ट दिसतं, एकदा चार्ज केलं की तीन आठवडे बघायला नको, अक्षर मोठं करता येतं. जुलैत पर्समध्ये भिजला तर दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, चालू झाला. (तांदूळ नंतर खाल्ले.) शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, पण जुने फौजी शब्द त्याला समजत नाहीत. ते घरी विचारावे लागतात, आणि घरचा कोश एका शब्दाला वीस मिनिटं घेतो.

आता कादंबऱ्या. यातल्या बहुतेक नेपोलियनच्या काळातल्या, स्पेन-पोर्तुगालमधली लढाई नाहीतर वॉटर्लू, नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला ती लढाई. वॉटर्लूच्या तीन दिवस आधी, १५ जून १८१५ ला, ब्रसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसने नाचाची मेजवानी दिली आणि तिथूनच अधिकारी रणांगणाकडे निघाले, काही तर नाचाच्याच कपड्यांत लढले. हा प्रसंग माझ्या एकतीसपैकी नऊ पुस्तकांत आहे. पहिल्यांदा अंगावर काटा आला. नवव्यांदा मी पानं उलटत गेले, आपल्याकडच्या कादंबरीत शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आला की उलटते तशी.

माझी मोठी तक्रार अशी की यांचा नायक हटकून अधिकारी असतो. त्या काळी इंग्रजांच्या पायदळात आणि घोडदळात अधिकारपद पैसे मोजून घेता येई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे साध्या पायदळात सर्वांत खालच्या अधिकाऱ्याचं पद ४५० पौंडांना आणि लेफ्टनंट कर्नलचं ४,५०० पौंडांना, असा सरकारी दर होता. ही पद्धत १८७१ मध्ये बंद झाली. म्हणजे नायकाच्या खांद्यावरची झालर बऱ्याचदा बापाच्या जमिनीतून आलेली. ठीक आहे, त्यांचीही लग्नं होतात. पण जो बंदूक घेऊन चालत होता त्याच्या बायकोचं काय?

ते मला अकराव्या पुस्तकात सापडलं, आणि तिथून मी या प्रकाराला चिकटले. पलटण परदेशी लढाईवर निघाली की शंभरेक जवानांच्या कंपनीमागे साधारण सहाच बायकांना सोबत यायची परवानगी असे. कोणत्या सहा, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. टोपीत हात घालायचा, चिठ्ठीवर 'जायचं' किंवा 'जायचं नाही'. 'जायचं' आलं तर अर्धा शिधा, सामानाच्या गाड्यांमागून पायपीट, आणि नवरा मेला तर बऱ्याचदा काही दिवसांत त्याच पलटणीतल्या दुसऱ्याशी लग्न, कारण विधवेचा शिधा फार दिवस चालत नसे. 'जायचं नाही' आलं तर बंदरावरून परत, बहुधा हातात काही नसताना. त्या पुस्तकातली बाई चिठ्ठी उघडतच नाही, नवऱ्याच्या हातात देते आणि त्याचा चेहरा बघते. लेखिकेने ते दीड पानात उरकलंय, मी त्या पानावर मानपाडा ते माजिवडा बसून होते. मला ती चिठ्ठी ओळखीची होती. आमच्या वेळी फॅमिली क्वार्टरची यादी लागायची. टोपी नव्हती, नोटीस बोर्ड होता.

एक गोष्ट वाचता वाचता लक्षात आली. तळामागून चालणाऱ्या या बायांना तिकडे आता नायिका करतात. आपल्याकडे त्यांनाच 'बाजारबुणगे' म्हणून एका शब्दात गुंडाळलं आणि पानिपताच्या पराभवाचं निम्मं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. आपल्या फौजेबरोबरही बायका होत्या, चुली होत्या, पोरं होती. त्यांतल्या एकीचीही कादंबरी मी मराठीत वाचलेली नाही.

खऱ्या जोडप्यांत एक जोडपं या लेखकवर्गाचं फार लाडकं, आणि मीही त्यांच्यात अडकले. हॅरी स्मिथ आणि हुआना. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या फौजेने स्पेनमधलं बादाहोस शहर घेतलं आणि मग त्याच फौजेने शहर लुटलं. दोन स्पॅनिश बहिणी आसरा मागत इंग्रज अधिकाऱ्यांच्या तळावर आल्या. कानातले ओरबाडल्यामुळे दोघींच्या कानांतून रक्त येत होतं. धाकटी हुआना, वय चौदा. हॅरी चोविसाचा, ९५ व्या रायफल्स पलटणीतला. काही दिवसांत लग्न. चौदा वर्षांचं हे आज वाचताना खटकतं, खटकायलाच हवं. काही लेखिका तिला हळूच सतरा-अठराची करतात. मला ते जास्त खटकलं. आपल्या घरांतल्या पणज्या आठ-नवाव्या वर्षी बोहल्यावर चढल्या, ते आपण लपवत नाही आणि मिरवतही नाही. तसंच हेही लिहावं.

पण या दोघांचं लग्न पुढे अठ्ठेचाळीस वर्षं टिकलं, हॅरी १८६० मध्ये वारला तोवर. मूल झालं नाही. ती स्पेनभर त्याच्याबरोबर घोड्यावर फिरली. १८१४ मध्ये तो अमेरिकेच्या लढाईवर गेला तेव्हा ती इंग्लंडमध्ये मागे राहिली, भाषा धड येत नसताना. वॉटर्लूनंतर तिला कळलं की ब्रिगेड मेजर स्मिथ मारला गेला. ती घोडा दामटत रणांगणाकडे गेली, आणि समजलं की मेलेला स्मिथ दुसराच. माझ्या हाती आलेल्या कादंबऱ्या बहुतेक इथेच थांबतात. मी मात्र नोव्हेंबरभर या बाईचं पुढचं आयुष्य शोधत होते, कारण माझ्या मते खरं लग्न तिथून पुढे आहे. तो पुढे दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीचा गव्हर्नर झाला. तिथलं लेडीस्मिथ गाव हिच्या नावाचं.

मध्ये ही दोघं हिंदुस्थानात होती, आणि इथे माझा हात थबकला. २९ डिसेंबर १८४३, ग्वाल्हेरजवळ महाराजपूर. इंग्रज विरुद्ध शिंद्यांची फौज. हॅरी इंग्रजांच्या बाजूला, आणि हुआनासकट चार इंग्रज बायका हत्तींवर बसून तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या. लढाई जिंकल्यावर शिपायांना जी चांदणी पदक म्हणून मिळाली ती शिंद्यांच्या पकडलेल्या तोफांच्या धातूची. या बायांना गव्हर्नर जनरल एलेनबरोने खास सोन्याची चांदणी दिली. इतके दिवस मी ज्या बाईसाठी जीव टांगून बसले होते, ती तिथे हत्तीवर, आणि समोर तोफांपाशी आपली माणसं. ती ज्या तोफांना भ्यायली असेल, त्या ज्यांनी ओतल्या होत्या त्यांच्याही बायका कुठेतरी दळत बसल्या असतील. त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं. राग आला म्हणून माणूस आवडेनासं होतं असं नाही, एवढं मला लग्नाने शिकवलंय.

आता माझी कसोटी. या प्रकारातलं पुस्तक चांगलं की नाही ते मी एकाच गोष्टीवरून ठरवते: नवरा परत आल्यावरचा तिसरा आठवडा त्यात आहे का? पहिला आठवडा कुणीही लिहील. मिठी, अश्रू, पुरणपोळी. दुसऱ्यात नातेवाईक येतात. तिसऱ्या आठवड्यात कळतं की घरात हुकूम देणारे आता दोघं आहेत. आमचे हे २०१७ मध्ये कायमचे घरी आले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग ज्या पांढऱ्या रंगाने काळ्या ट्रंकेवर नाव आणि नंबर टाकतात, त्या रंगाने प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत 'तूरडाळ', 'साखर', 'पोहे'. मी दोन दिवस बोलले नाही. मग पोह्याच्या डब्यात रवा भरला. त्यांनी एक शब्दही न बोलता पुसून नवीन लिहिलं.

एकतीसपैकी हा तिसरा आठवडा तीनच पुस्तकांत मिळाला. त्यांतल्या एकात मेजर पाच वर्षांनी घरी येतो आणि बायकोने शेताचे हिशोब स्वतः चालवलेले बघून आधी खूश होतो, मग वही तपासायला मागतो. ती वही देते, पण किल्ल्या देत नाही. त्या प्रकरणाला माझ्याकडून पाचपैकी पाच. बाकी प्रकाराला मिळून तीन. मध्ये लढाईचं वर्णन अतोनात असलेल्यांना दोन, आणि त्या चार वणवाल्या कॅप्टनांना मिळून एक, तोही बस लवकर गेल्यासारखी वाटली म्हणून.

मराठीत हे का नाही, असं माझ्या मनात सारखं येतं. आपली ऐतिहासिक कादंबरी गादी आणि स्वारी यांच्यात रमते, लग्न कोपऱ्यात. पार्वतीबाईंचंच घ्या. सदाशिवरावभाऊंबरोबर त्या पानिपतावर होत्या, परत आल्या त्या एकट्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलंच नाही, सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतयाही उभा राहिला. इतकं लांबलेलं वाट बघणं जगात कुणाच्या साहित्यात असलं तर त्यांनी त्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या असत्या. किंवा साधी माणसं घ्या. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतच्या वेढ्यात अडकल्या, १४७ दिवसांनी २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या, मग कैद. माझं माहेर साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीच्या वाटेवरचं. तिकडे घरटी एक फौजी. अशा घरातली एखादी बाई महिन्याच्या मनिऑर्डरची वाट बघते, ती येत नाही, पत्र आलं तर ते कुणी वाचून दाखवायचं इथपासून पंचाईत. मनिऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायची जागा असायची. त्या दोन ओळींवर मराठीत तीनशे पानं व्हायला हवीत. मी लिहीन असं लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, "आधी त्या सहा अर्ध्या संपव."

कुणी सुरुवात करणार असेल तर एवढंच: वॉटर्लूचा नाच टाळून, लग्न आधीच झालेलं आहे अशी पुस्तकं आधी घ्या.

आणि यांचं. इतके महिने हे माझ्या खांद्यावरून एखादी ओळ वाचायचे आणि म्हणायचे, "एवढं बोलत बसला तर तंबू कोण लावणार?" मग फेब्रुवारीत मी बादाहोसच्या वेढ्याचं सांगत होते. वेलिंग्टनकडे शिकलेले सॅपर जवळजवळ नव्हतेच, काही ठिकाणी शिड्या लहान पडल्या, वेढ्यात एकूण जवळपास पाच हजार माणसं कामी आली नाहीतर जखमी झाली. त्याने चिडून मायदेशी लिहिलं, आणि मग इंग्रजांनी रीतसर सॅपर तयार करायला घेतले. १८१३ मध्ये त्या दलाचं नावच रॉयल सॅपर्स अँड मायनर्स झालं. हे ताटावरून उठले. "मग? आधी नव्हते? आण इकडे ते."

तेव्हापासून रात्री नऊ ते दहा ई-रीडर यांच्याकडे. अक्षर एवढं मोठं केलंय की पानावर आठ ओळी मावतात. दिवसाला चार पानं होतात, खंदकाची खोली कुठे लिहिलीय का ते शोधतात, आणि काल विचारत होते, "त्या पोरीला परत तिचं घर मिळालं का गं?" मी म्हटलं, "वाचा की." मी सध्या स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून कागदाची पुस्तकं आणते. १८९३ पासूनची संस्था, मला काय, आठवड्याला दोन पुरतात.