आवाज बसतोय: आधी माइक घ्यावा की आवाजाची तालीम?

आठवड्याच्या शेवटच्या तासाला शब्दांऐवजी नुसती हवाच बाहेर पडायला लागली, की शिक्षकापुढे दोन वाटा असतात. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि हेडसेट माइक घ्यायचा, किंवा तज्ज्ञाकडे जाऊन आवाज वापरायला नव्याने शिकायचं. मी दोन्ही केलं: आधी तालीम, मग माइक. आता विचाराल तर क्रम उलटा हवा होता.

तिसरा पर्याय स्टाफरूममध्ये फुकट मिळतो: पाणी प्या, ओरडू नका, घसा खाकरू नका. सल्ले चुकीचे नाहीत, पण एवढ्याने भागत नाही. अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माइक वापरणाऱ्यांना आराम पडला. आवाजाची निगा कशी राखावी एवढंच शिकवलेल्या गटात म्हणावा असा फरक दिसला नाही. २००३ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात एका गटाला माइक होता, तर दुसऱ्याला अनुनादावर, म्हणजे आवाज ओठांत-गालांत घुमवण्यावर, भर देणारी थेरपी. सहा आठवड्यांत दोन्हींचा गुण आला. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचा तसा आला नाही. हे वाचून मी ओशाळलो, कारण माझे पहिले कित्येक महिने अशाच श्वासाच्या व्यायामांत, फुंकर मारण्यातच गेले होते.

माइकचा फायदा पहिल्या दिवसापासून असतो, आणि त्यामागचं कारण साधं आहे. गोंगाट वाढला की आपला आवाज नकळत चढतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. मुलं गलका करतात, आपण आवाज चढवतो, मुलं आणखी चढवतात. बोलताना बाईच्या स्वरतंतूंची उघडझाप सेकंदाला साधारण २०० वेळा होते, पुरुषाची त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. आवाज चढला की तेवढ्या वेळा ते एकमेकांवर जास्त जोराने आपटतात. माइक हे चक्र तोडतो, पण समोरच्या बाकाशी बोलावं इतक्या हळू बोललात तरच. माइक लावूनही ओरडणारे पाहिलेत मी.

त्याच्या कटकटीही आहेत. माइक ओठांसमोर धरला तर प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला फटाका फुटतो; तो ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला हवा. स्पीकरच्या फार जवळ गेला तर शिट्टी मारतो. चार्जिंग नेमकं परीक्षेच्या सूचना देताना संपतं. शिवाय मैदानावर, जिन्यात, फोनवर तो सोबत नसतो.

तालीम मात्र सगळीकडे सोबत असते. थेरपिस्टने मला आवाजाचा पहिला व्यायाम दिला तो ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून ‘ऊ’ म्हणायचा. स्ट्रॉ दोन बोटं खोल, बुडबुडे एकसारखे, आवाज खालून वर आणि वरून खाली. तोंडाची वाट अरुंद झाली की मागे दाब तयार होतो, आणि स्वरतंतू कमी आपटता सहज कंप पावतात. पाच मिनिटांनी आवाज ओठांवर, गालांत झिणझिण्या आल्यासारखा जाणवतो आणि घसा मोकळा वाटतो. अडचण पुढे येते: घरी साधलेलं वर्गात टिकत नाही. दुसऱ्या तासाला कोणी मागे बडबडलं, की गळा पुन्हा आवळतो. सवय मुरायला आठवडे लागतात, आणि मधल्या काळात शिकवणं थांबत नाही. म्हणूनच माझ्या मते सत्र चालू असेल तर आधी माइक घ्यावा आणि त्याच्या आधाराने तालीम करावी. वर्ग लहान आणि शांत असूनही घसा दुखत असेल, तर दोष बहुधा आवळून बोलण्यात आहे. तिथे माइकवर पैसे घालू नका, थेट तालमीला लागा.

घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र पाहून घ्यायला हवं. रक्त पडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, मानेत गाठ यांपैकी काही असेल तर चार आठवडेही थांबू नका. तोवर कुजबुजून भागवायचा मोह आवरा. बरेच जण कुजबुजतानाही घसा आवळतात.

आणि माइक घेण्याआधी कुणाचा तरी एक दिवस मागून वापरा. ऐकू येतंय का, हे शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारा. पुढचा ‘हो’च म्हणणार, त्याला तुम्ही माइकशिवायही ऐकू येता.