सायच्या खाजेचे दहा महिने: आहार-चाचणी, खाजेची वही आणि ऑक्लासिटिनिबची गोळी

रात्री अडीच वाजता अंधारात चाट-चाट-चाट असा एकसुरी आवाज ज्यांनी आठवडेच्या आठवडे ऐकलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. साय आमची लॅब्रॅडॉर, पुण्यात सिंहगड रोडला आमच्याजवळ राहते, वजन २८ किलो, पावणेचार वर्षांची होत आलीय. अडीच वर्षांची असताना तिने पुढचे पंजे चाटायला सुरुवात केली. सुरुवातीला कातडीवर काहीच दिसत नव्हतं, फक्त चाटणं. मग बोटांच्या मधले क्रीम रंगाचे केस लाळेने विटेसारखे तांबूस झाले, काखा लाल झाल्या, कानांना आंबूस वास यायला लागला, आणि जांघेतली कातडी काळी पडून हत्तीच्या कातडीसारखी जाड झाली.

पहिले चार महिने आम्ही वाया घालवले. जवळच्या एका दवाखान्यात दर वेळी स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळायचं. एका दिवसात खाज गायब! आम्ही खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. प्रत्येक इंजेक्शननंतर साय बादलीभर पाणी प्यायची, हॉलमध्ये सू करायची आणि मग कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसायची. तिचं ते बसणं मला अजून आठवतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, भडका उडाला असेल तेव्हा थोड्या दिवसांसाठी ते फार कामाचं आहे. पण खाज का येतेय हे न शोधता तेच तेच देत राहणं चुकीचं. भूक, तहान, धाप वाढते, आणि दीर्घकाळ दिलं तर कुशिंग्जसारखा (शरीरात स्टेरॉइड संप्रेरक जास्त झाल्याने होणारा) त्रास औषधानेच उभा राहतो.

दुसरी चूक मी स्वतःच्या हाताने केली. ऑनलाइन एका कंपनीला सायचे केस पाठवून ‘अ‍ॅलर्जी टेस्ट’ करून घेतली. भलीमोठी यादी आली, त्यात तिने जन्मात न खाल्लेल्या वस्तूही होत्या. नंतर कळलं की २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच केस-लाळेच्या चाचणीसाठी अ‍ॅलर्जी असलेला कुत्रा, निरोगी कुत्रा आणि चक्क कृत्रिम फर असे नमुने पाठवले होते, आणि निकालांवरून त्यांतला फरक ओळखता येत नव्हता. ते पैसे कृपया वाचवा.

जूनमध्ये आम्ही कातडीचे आजार बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या भेटीला त्यांनी सायला हात लावायच्या आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. खाज आधी आली की पुरळ आधी? वर्षभर असते की ठरावीक महिन्यांत? घरात कुणाला खाज येते का? पोळी कोण देतं? मग तपासणी. सायच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय हलतो का ते पाहिलं, कारण खरजेच्या किड्यात तो बऱ्याचदा आपोआप खाजवल्यासारखा हलतो. तिचा हलला नाही. बारीक दातांच्या फणीने कंबरेचे केस विंचरून निघालेला काळा कोंडा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला. पिसवांची विष्ठा असेल तर ती पाण्याने तांबूस पसरते, कारण ते पचलेलं रक्तच असतं. दोन ठिपके तसे पसरले, आणि ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ हा माझा ठाम दावा तिथेच संपला. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात आणि तो मुख्यतः कंबर, शेपटीचं मूळ खाजवतो. सायचा त्रास पंजे, काखा, कान, पोट असा होता, म्हणून मुख्य कारण दुसरं असणार, असं त्या म्हणाल्या. तरी पिसवांवर बारा आठवडे टिकणारी फ्लुरालॅनरची गोळी दिलीच.

मग ब्लेडने कातडी खरवडून डेमोडेक्सचा, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा, बारीक किडा पाहिला, तो नव्हता. बोटांमध्ये साधी सेलोटेप दाबून, रंगवून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही बघायला बोलावलं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या दिसणाऱ्या जांभळ्या पेशींचा खच पडला होता. ही मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. अ‍ॅलर्जीने कातडीची राखण ढिली पडते, मग यीस्ट आणि जिवाणू माजतात, आणि त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. आंबूस वास त्याचाच होता.

अ‍ॅलर्जी आहे की नाही हे एका झटक्यात सांगणारी चाचणी नाही. किडे, पिसवा, जंतुसंसर्ग, आहार असं एकेक वगळत गेल्यावर उरते ती अटोपी, म्हणजे धूळकिडे, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी. रक्तातल्या आयजीईची (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाची) तपासणीही निदानासाठी नसते, निरोगी कुत्र्यांतही ती पॉझिटिव्ह येते. अटोपीचं निदान आधीच झालं असेल आणि अ‍ॅलर्जीची लस (ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणारी) द्यायची असेल, तर लशीत काय घालायचं हे ठरवायला ती वापरतात. दवाखान्याच्या दारातच कुणी ‘आधी रक्ताचं पॅनल करून टाकू’ म्हटलं तर थांबा, एवढं नक्की सांगेन.

पहिला महिना अंघोळीत गेला. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शांपू, आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, नाहीतर उपयोग नाही. मी बाथरूममध्ये पाटावर बसून घड्याळ लावायचे आणि साय माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहायची. पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी वही घालायला सांगितली होती. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे निरोगी कुत्र्यासारखी, दहा म्हणजे खाणं-झोपणं सोडून अखंड खाजवणं. पहिला आकडा ८ होता. महिन्याभराने ६. नुसता संसर्ग आटोक्यात आणून दोन अंक उतरले, तेही एकही अ‍ॅलर्जीचं औषध न देता.

ऑगस्टपासून आहार-चाचणी. मला या सगळ्यात सर्वांत जास्त याबद्दलच लिहायचंय, कारण बहुतेक लोक ती अर्ध्यात सोडतात. आठ आठवडे फक्त एकच अन्न. आम्ही हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं ड्राय फूड घेतलं. त्यातलं प्रथिन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर त्याला सहसा ओळखत नाही. दुकानातलं ‘चिकन नसलेलं’ साधं खाद्य चालत नाही, कारण पाकिटावर न छापलेली प्रथिनं त्यात सापडल्याचं अनेकदा दिसलंय. दुसरा मार्ग म्हणजे कुत्र्याने कधीच न खाल्लेलं एखादं प्रथिन घरी शिजवणं. पण तो आहार पुढे चालू ठेवायचा तर कॅल्शियम वगैरेचा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा लागतो. कुत्र्यांत जास्त आढळणारे दोषी म्हणजे बीफ, दूध, चिकन आणि गहू. बीफ सोडलं तर ही आपल्या घरातल्या कुत्र्याच्या ताटाचीच यादी झाली: चिकन-भात, दूध-पोळी.

आणि पोळी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या माहेरापासूनची रीत, गाईचा आणि कुत्र्याचा घास काढल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. मी सांगितलं की आठ आठवडे पोळी बंद, तर त्या काही बोलल्या नाहीत, पण ताटावरून उठून गेल्या. पहिल्या आठवड्यात आकडा हलेना. मग एका दुपारी ओट्याखाली चतकोर सापडला. मला चिडता आलं नाही. पुढच्या भेटीला मी त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना सायच्या काखेतली सोललेली कातडी दाखवली आणि म्हणाल्या, ‘आजी, ही वही तुम्ही लिहा.’ त्या दिवसापासून वही आईंच्या हातात गेली. घास काढणं त्यांनी थांबवलं नाही. रोज दुपारी त्याच ड्राय फूडचे दहा दाणे वाटीत घेऊन त्या आधी देवापुढे ठेवायच्या आणि मग सायला द्यायच्या. आठ आठवडे आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजले.

या काळात काय काय आडवं येतं ते आधी माहीत असू द्या. जंताच्या आणि पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो. दातांच्या पेस्टला असतो. वॉचमनकाकांच्या खिशात बिस्किट असतं. आमच्या तर मधेच गणपती आले. मी सायच्या पट्ट्याला ‘मला काही खायला देऊ नका, औषध चालू आहे’ अशी चिठ्ठी बांधली, तरी एका पाहुण्यांनी प्रेमाने पेढा दिलाच. आईंनी वहीत तारीख, वेळ आणि ‘पेढा, अर्धा’ असं लिहून ठेवलं.

आठव्या आठवड्याच्या शेवटी आकडा ३. पण चाचणी इथे संपत नाही. जुनं अन्न पुन्हा देऊन खाज परत येते का हे बघितल्याशिवाय निदान पुरं होत नाही. सुधारणा पावसाळा सरल्यामुळेही झालेली असू शकते. बरी झालेली साय मुद्दाम बिघडवायची, ही कल्पना आम्हाला सहन होत नव्हती. तरी केलं. रोज थोडं उकडलेलं चिकन. चौथ्या दिवशी कान आतून लाल, आकडा ७. चिकन थांबवलं, दहा दिवसांत पुन्हा ३. मग एकट्या गव्हाची पाळी, पूर्ण चौदा दिवस. आकडा ३, ३, २, ३. काही नाही. मग दूध. तेही नाही. गहू निर्दोष ठरला त्या दिवशी आईंनी गरम पोळीचा चतकोर तूप न लावता सायपुढे धरला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘आता देऊ ना?’

आमच्या सोसायटीत सगळ्यांचा संशय कालव्याकडेच्या गाजरगवतावर होता. साहजिक आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच पुण्यात, १९५५-५६च्या सुमारास, आणि माणसांना त्याने त्वचेचा दाह होतो हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही फिरायची वाट बदलली, पण आकडा त्याने हलला नाही. वही नसती तर मी आजही गाजरगवतालाच दोष देत बसले असते.

नोव्हेंबरच्या शेवटी थंडीसाठी माळ्यावरच्या धुळीने भरलेल्या रजया खाली काढल्या आणि चिकन बंद असूनही आकडा ६ झाला. म्हणजे अन्नाची अ‍ॅलर्जी आणि अटोपी दोन्ही. हे पुष्कळ कुत्र्यांत एकत्र असतं. इथे ऑक्लासिटिनिब आलं, अपोक्वेल नावाने मिळणारं. अमेरिकेत २०१३ साली कुत्र्यांसाठी मान्यता मिळालेलं औषध. खाजेचा निरोप पोचवणारी इंटरल्यूकिन-३१सारखी रसायनं पेशीत ज्या वाटेने काम करतात, ती वाट ते अडवतं. सायला १६ मिलिग्रॅमची एक गोळी, १४ दिवस दोनदा, मग दिवसातून एकदा.

पहिली गोळी संध्याकाळी सातला दिली. त्या रात्री मी अडीचला सवयीने जागी झाले. काहीच आवाज नव्हता. दिवा न लावता हात पुढे केला, तर ती कुशीवर शांत झोपली होती आणि पंजे कोरडे होते. कोरडे पंजे मी किती महिन्यांनी हाताला लागलेले अनुभवत होते.

पंधराव्या दिवसापासून डोस निम्मा होतो तेव्हा खाज उसळते, हे आधी सांगितलेलं असूनही आम्ही घाबरलो. पाच दिवस आकडा ५, मग उतरला. तहान-लघवीचा त्रास अजिबात नाही. तक्रारी म्हणाल तर पहिल्या आठवड्यात दोनदा उलटी झाली, जेवणासोबत गोळी द्यायला लागल्यावर थांबली. फेब्रुवारीत उजवा कान पुन्हा यीस्टने भरला. हे औषध प्रतिकारशक्तीच्या कामात हात घालतं, त्यामुळे संसर्गावर डोळा ठेवावाच लागतो. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांना आणि गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांना ते देत नाहीत, कॅन्सर असेल किंवा होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी नीट बोलूनच निर्णय घ्यावा. शिवाय मोठ्या कुत्र्याला महिन्याचा खर्च जड जातो. चिकन शोधून काढलं नसतं, तर ही महाग गोळी ताटातल्या चिकनशी रोज झुंजत राहिली असती.

‘सेटिरिझिन देऊन बघा’ असं खूप जण सांगतात. आम्ही डॉक्टरांना विचारून दिलं होतं, वहीत काही फरक दिसला नाही. अटोपीच्या खाजेवर सेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिनं कुत्र्यांत कमीच चालतात. पण घरातली माणसांची सर्दीची गोळी विचारल्याशिवाय कधीही देऊ नका. नावापुढे ‘डी’ असलेल्या गोळ्यांत चोंदलेलं नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असू शकतं, ते कुत्र्याच्या जिवावर बेततं. खोबरेल-कडुलिंबाचं तेल सायने पाच मिनिटांत चाटून संपवलं आणि चाटायला आणखी एक कारण मिळालं.

लस आम्ही अजून सुरू केलेली नाही. तिचा परिणाम कळायला वर्षभरही लागू शकतं आणि साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त कुत्र्यांना बरा फरक पडतो. साय अजून तरुण आहे, पुढची दहा वर्षं रोज गोळी देण्यापेक्षा तो मार्ग मला पटतोय. पुढच्या महिन्यात रक्ततपासणी आहे, तेव्हा ठरवू.

अंथरूण दर रविवारी कडक गरम पाण्यात धुतो. आईंची दुसरी वही सुरू झालीय. काल रात्रीची नोंद: ‘आकडा २. एकदाच चाटलं, मी हाक मारल्यावर थांबली. पोळी, चतकोर.’