३४९८ वर ‘३’ पाठवा : ऑस्ट्रेलियातील थ्रीजी बंद होण्यापूर्वीच्या तपासणी सेवेचे परीक्षण

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोन्ही कंपन्यांनी आपले थ्रीजी जाळे २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद करायला घेतले. त्याआधी ग्राहकांसाठी एक मोफत सोय करण्यात आली होती. आपल्या मोबाइलवरून ‘३’ एवढाच मजकूर ३४९८ या क्रमांकावर पाठवायचा आणि थ्रीजी गेल्यावर हा हँडसेट चालेल की नाही, याचे उत्तर एसएमएसनेच मिळवायचे. आमच्या घरातल्या सगळ्या फोनांसाठी ही सेवा वापरून पाहिली, ओळखीच्या मराठी कुटुंबांनाही वापरायला लावली आणि त्यानंतरच्या घडामोडीही लक्ष ठेवून वाचल्या. त्या आधारावर पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत, असे माझे मत झाले आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती चोख देत होती, पण जो प्रश्न जिवाशी गाठ घालणारा होता, तो तिच्या आवाक्यात पूर्णपणे येत नव्हता.

भारतातल्या वाचकांना मुळात एवढ्या तयारीची गरज का पडावी, असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून सुरुवात करून पुढच्या वर्षापर्यंत देशभरातले थ्रीजी गुंडाळले, तेव्हा सामान्य ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही. त्याचे कारण असे की खाली टूजी शाबूत होते आणि ज्याचा फोन फोरजीवर बोलू शकत नव्हता, त्याचा आवाज निमूटपणे टूजीवर जात होता. जर्मनीनेही २०२१ मध्ये थ्रीजी बंद करताना टूजी राखून ठेवले. ऑस्ट्रेलियात मात्र क्रम उलटा होता. टेल्स्ट्राचे टूजी डिसेंबर २०१६ मध्येच गेले आणि २०१८ पर्यंत व्होडाफोनचेही गेले. त्यामुळे थ्रीजी हाच आवाजाचा शेवटचा आधार उरला होता आणि तो काढल्यावर फोरजीवरून थेट बोलण्याची क्षमता, म्हणजे व्होल्टी, नसलेला फोन मुका होणार हे ठरलेलेच होते.

यातली फसवी बाब अशी की असा फोन वरवर अगदी ठणठणीत दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यात फोरजी लिहिलेले असते, व्हॉट्सॲप चालते, व्हिडिओ अडखळत नाहीत. फक्त कॉल लावला की फोन गुपचूप थ्रीजीवर उतरतो आणि बोलणे संपले की पुन्हा वर चढतो. पुण्याहून आलेल्या आईच्या फोनमध्ये आम्ही इथले सिम घातले होते. तिच्या हँडसेटवरून संदेश पाठवल्यावर काही क्षणांतच फोन बदलावा लागेल असे उत्तर आले. तेव्हा तिने “अरे, चांगला चालतोय की! आणि तिकडे जिओवर याच फोनवरून बोलतच होते ना मी?” असे विचारले. तिचे म्हणणे खरेच होते. जिओकडे टूजी आणि थ्रीजी कधीच नव्हते, त्यामुळे तिथे बोलायचे म्हणजे व्होल्टीवरूनच, आणि तो फोन पुण्यात व्होल्टीवर बिनतक्रार बोलत होता. पण व्होल्टी ही फोनच्या आत एकदा बसवली की जगभर चालणारी वस्तू नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या कंपनीच्या जाळ्यासाठी वेगळी मांडणी असावी लागते आणि कंपनीनेही तो हँडसेट आपल्याकडे मान्य केलेला असावा लागतो. भारतीय बाजारासाठी बनवलेल्या अनेक फोनांत ऑस्ट्रेलियन कंपन्यांची मांडणी नसते, मग तेच मॉडेल त्याच नावाने इथल्या दुकानात विकले जात असले तरीही. भारतातून येणाऱ्या भावाकडून फोन मागवण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिला नेमका इथेच धक्का बसला.

हा बारकावा सेवेने पकडला, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. त्याच सुमारास एका दुकानातल्या विक्रेत्याने आईचा तोच फोन हातात घेऊन, कोपऱ्यातले फोरजी पाहून, काही होणार नाही असे ठामपणे सांगितले होते. संदेश पाठवल्यावर कंपनीच्या यंत्रणेला फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, त्याच्या पहिल्या आठ अंकांवरून नेमके मॉडेल ओळखता येते आणि ते तयार यादीशी ताडता येते. ग्राहकाला स्वतःहून मॉडेल शोधण्याची, सेटिंगमध्ये शिरण्याची किंवा कुठल्या संकेतस्थळावर अंक भरण्याची गरज पडत नव्हती. वयस्कर माणसांसाठी यापेक्षा सोपी रचना सुचणे कठीण आहे. उत्तर मात्र इंग्रजीतच आले आणि ते आईला वाचून दाखवावे लागले. स्थलांतरितांची एवढी वस्ती असलेल्या देशात हे खटकले. दोन सिमच्या फोनात प्रत्येक सिमवरून वेगळा संदेश पाठवावा लागला, तेवढे चालण्यासारखे आहे.

सेवेची पहिली मर्यादा उघड होती. ज्या वस्तूला कीपॅडच नाही, ती संदेश पाठवणार कशी? वृद्धांच्या गळ्यातले मदतीचे बटण, लिफ्टमधला आपत्कालीन फोन, दुकानातले कार्ड स्वाइप करण्याचे जुने यंत्र, शेतातल्या पाण्याच्या टाकीवरचा सेन्सर, गाडीतला ट्रॅकर अशी कितीतरी उपकरणे थ्रीजीवर चालत होती आणि त्यांच्यासाठी विक्रेत्याला किंवा बसवणाऱ्याला गाठण्यावाचून मार्ग नव्हता. शेजारच्या एका आजोबांच्या गळ्यातल्या बटणाबाबत त्यांच्या मुलीला पुरवठादाराचा पाठपुरावा बराच करावा लागला, आणि ते उपकरण वेळेत बदलले गेले ते तिच्या चिकाटीमुळे. ग्रामीण भागातल्या लोकांची तक्रार आणखी वेगळी होती. फोन बदलला तरी जिथे थ्रीजी पोहोचत होते तिथे फोरजी तितकेच पोहोचेल का, हा त्यांचा प्रश्न सिनेटच्या चौकशीपर्यंत गेला. आम्ही शहरात राहणारे, त्यामुळे त्यावर अनुभवाने काही बोलण्याचा अधिकार मला नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. इथला आपत्कालीन क्रमांक ०००, ज्याला सगळे ट्रिपल झीरो म्हणतात, तो लावताना फोनने फक्त आपल्या कंपनीच्या जाळ्यावर विसंबायचे नसते. आपले जाळे नसेल तर जे कुठले जाळे हाताशी असेल ते पकडून कॉल पुढे न्यायचा असतो. रोजच्या वापरात ही क्षमता कधीच तपासली जात नाही, आणि ग्राहकाला ती मुद्दाम तपासताही येत नाही, कारण चाचणी म्हणून ट्रिपल झीरो लावणे हा गैरवापर ठरतो. रोजचा कॉल फोरजीवरच राहतो का, हे कोपऱ्याकडे पाहून मीही सांगू शकत होतो. जे मला पाहता येत नव्हते, त्यासाठीच मला त्या उत्तराची गरज होती. काही फोन तर असे निघाले की साधा कॉल फोरजीवर व्यवस्थित लागे, पण ट्रिपल झीरो लावला की सॉफ्टवेअर हट्टाने थ्रीजीच शोधत बसे. मार्च २०२४ च्या सुमारास सरकारने अशा हँडसेटची संख्या सुमारे ७ लाख ४० हजार सांगितली होती. टेल्स्ट्राने आधी जून २०२४ अखेर ठरवलेली तारीख आधी ऑगस्टअखेर आणि मग ऑक्टोबरअखेर ढकलली गेली, ती मुख्यतः याच काळजीपोटी, आणि माझ्या मते ती मुदतवाढ या साऱ्या तयारीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये नियमच असा आला की जो फोन ट्रिपल झीरोपर्यंत पोहोचू शकत नाही, त्याला कंपनीने सेवाच द्यायची नाही. म्हणजे आईचा फोन नुसता मुका होणार नव्हता, त्या सिमवर त्याचे इंटरनेटही बंद होणार होते. पुण्याहून आणलेला फोन बदलायला तिला राजी केले ते अखेर या नियमाने.

तरीही यादी ही यादीच असते. तिच्यात जे तपासले गेले तेवढेच लिहिलेले असते. व्होडाफोनचे थ्रीजी इतरांच्या आधी, डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात बंद झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे सगळी जाळी बंद होऊन वर्ष उलटत आल्यावर, असे उघड झाले की सॅमसंगची सत्तरहून अधिक जुनी मॉडेल्स टेल्स्ट्रा आणि ऑप्टस दोन्ही उपलब्ध नसताना व्होडाफोनवरून ट्रिपल झीरो लावू शकत नाहीत, कारण त्या परिस्थितीत ती अजूनही व्होडाफोनच्या, अस्तित्वात नसलेल्या, थ्रीजीकडेच धाव घेतात. यातल्या बहुतेकांना सॉफ्टवेअर अपडेटने सुधारता येणार होते, पण गॅलेक्सी एस६ आणि एस७ मालिकेतले फोन, नोट ५ आणि आणखी काही मॉडेल्स बदलण्यावाचून इलाज नव्हता. वर्षभरापूर्वी निर्धास्त झालेल्या ग्राहकांना या वेळी पुन्हा नोटिसा गेल्या. यात एकट्या ३४९८ ला दोष देणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे जी तपासणी झाली, ती तीनही जाळ्यांच्या सगळ्या जोड्या घेऊन झालीच नव्हती, आणि ती करण्याचे काम हँडसेट बनवणारे व कंपन्या यांचे होते. पण उत्तराच्या एसएमएसमध्ये ‘आजच्या माहितीनुसार’ एवढे दोन शब्द ठळकपणे असते, तर मी अर्धा गुण आणखी दिला असता.

ज्या देशांत अजून टूजी किंवा थ्रीजी जायचे आहे, तिथल्या मराठी मंडळींना या अनुभवातून काही घेता येईल. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी थ्रीजी बंद केले असून टूजीही २०३३ पर्यंत जाणार आहे. अशी तपासणी सेवा उपलब्ध असेल तर ती जरूर वापरावी, आणि होकारार्थी उत्तर आले तरी फोनमधली व्होल्टीची सेटिंग चालू आहे ना, हे पाहावे, कारण मॉडेल ओळखणाऱ्या यंत्रणेला ग्राहकाने बंद करून ठेवलेले बटण दिसेलच असे नाही. सॉफ्टवेअर अपडेट पुढे ढकलत राहू नये. आई-वडील काही महिन्यांसाठी येणार असतील, तर भारतातला फोन घरच्या वायफायवर व्हॉट्सॲपसाठी ठेवून, स्थानिक सिमसाठी तिथल्याच दुकानातला साधा फोरजी हँडसेट घ्यावा. ऑस्ट्रेलियात तो शंभर डॉलरच्या आत मिळतो, मोठ्या आकड्यांच्या कीपॅडचाही मिळतो, आणि आईने पहिल्या दिवशी नाक मुरडले तरी आता तिला तोच आवडतो.